मे महिन्यात मुंबईला निघालेल्या सोलापूरकरांनो, या चुका टाळा

परीक्षा संपल्या की आमच्याकडे फोन सुरू होतात. "दादा, पोरांना समुद्र दाखवायचाय. चार दिवसांत काय काय होतंय सांगा की." मी अकरा वर्षं मुंबईत काढली, त्यामुळे नातेवाईक आणि सगळी गल्ली मला चौकशीची खिडकी समजते. सांगायला माझी ना नाही. पण लोक विचारतात एक, करतात भलतंच, आणि दर वर्षी चुका त्याच. म्हणून एकदाचं लिहूनच काढतो.

पहिली चूक म्हणजे आपला उन्हाचा माज. "आपल्याकडं 43 असतंय, तिथं 34. त्याला काय ऊन म्हणायचं बे?" असं म्हणणारा गडी दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवेजवळ सावली शोधत, डोक्यावर ओला रुमाल टाकून बसलेला असतो. सोलापूरचं ऊन कोरडं. घाम येतो, वाळतो आणि वाळता वाळता अंग गार करतो. मुंबईच्या हवेत आधीच इतका दमटपणा की घाम वाळतच नाही, नुसता वाहतो, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. शिवाय इथं आपण बारा ते चार पंख्याखाली आडवे असतो, हे सोयीस्कर विसरतो. तिथं मात्र पैसे वसूल करायचे म्हणून भर दुपारी पोरांना घेऊन चौपाटी तुडवायची.

पटत नसेल तर कडक भाकरीला विचारा. आपण निघताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधतोच. इथं ती भाकरी कितीही दिवस ठेवा, मोडली की कट्कन आवाज येतो. मुंबईत रात्री डब्याचं झाकण नीट लावायचं राहिलं, तर सकाळी तीच भाकरी ओल्या पुठ्ठ्यासारखी वाकते. एका रात्रीत भाकरीची ही गत, तर माणसाची काय होईल!

माझी पद्धत सांगतो. सकाळी सातला बाहेर, अकराला आत. आत म्हणजे फोर्टमधलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, नाहीतर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, नाहीतर सरळ झोप. चारनंतर समुद्र, कारण तोवर पाण्यावरून वारा जमिनीकडे येत असतो. मीठ, साखर, लिंबू घातलेलं पाणी जवळ हवंच. जीन्स नको. आणि खांद्यावर पातळ पंचा. टॉवेल सोलापूरचा असला तरी नको. तिथल्या हवेत तो वाळत नाही. सोलापूरकरावर हे लिहायची वेळ आली म्हणजे बघा.

दुसरी चूक आमच्या घरातलीच आहे. समुद्र म्हणजे काही हिप्परग्याचा तलाव नाही, तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे आपल्या डोक्यातच नसतं. माझा धाकटा भाऊ बुद्ध पौर्णिमेची सुट्टी धरून नऊ माणसं घेऊन गेला होता. शेवटच्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळे हाजी अलीला. सामान लालबागला आत्याकडे, परतीची वंदे भारत दुपारी चार वाजून पाच मिनिटांची. "तासाभराचं काम आहे" म्हणून आत गेले. बाहेर येऊन बघतात तर काय, रस्ताच नाही! किनाऱ्यावरून दर्ग्याकडे जाणारी ती वाट भरतीला पाण्याखाली जाते, आणि पौर्णिमा-अमावस्येची भरती सगळ्यात मोठी, उधाणाची. भावाचा मला सोलापुरात फोन: "दादा, पाणी कधी उतरतंय?" जसा काही नळाचा व्हॉल्व्ह माझ्या हातात आहे.

पाणी उतरून वाट मोकळी होईपर्यंत अडीच वाजून गेले. पोरं भुकेनं रडकुंडीला आलेली, मग खाणं. लालबागला पोचायला साडेतीन. तिथून दादर जवळ, गाडी दादरलाही थांबते, पण तिकिटावर सीएसएमटी लिहिलंय म्हणून हे पठ्ठे सीएसएमटीला! वंदे भारतचे दरवाजे आपोआप बंद होतात, धावत जाऊन दांडा पकडायची सोय नाही. नऊ जणांनी गाडी जाताना बघितली. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून आले आणि वहिनी आठ दिवस भावाशी नीट बोलल्या नाहीत.

हे टाळायला मोबाइलसुद्धा लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. कोळ्यांकडून शिकलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण भाऊ घरीच राहिला असता इतकं अचूक नक्की आहे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणून पौर्णिमेला संध्याकाळी जुहूला गेलात तर पाणी लांब गेलेलं असतं, आणि पोरं विचारतात, "समुद्र कुठाय?"

ओहोटीला पाण्यात उतरू नका, पाणी आत ओढतं. "मी विहिरीत मुटका मारणारा माणूस" हे समुद्राला सांगून उपयोग नाही. विहीर कुठं नेत नाही. गुडघ्याच्या वर पाणी नको, आणि जीवरक्षक शिट्टी मारत असेल तर ती तुमच्यासाठीच आहे.

बाकीचं झटपट. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि आतली कान्हेरी, तीही सोमवारी बंद. राणीची बाग बुधवारी बंद, म्हणजे पेंग्विनही नाहीत. दर वर्षी कोणीतरी नेमकं त्याच वारी जातं आणि वर मलाच म्हणतं, "सांगायचं तरी!"

घारापुरीला जाणार असाल तर गेटवेवरून पहिल्या बोटींपैकीच एक पकडा. तासाभराचा प्रवास, मग शंभरावर पायऱ्या. अकरानंतर त्या पायऱ्यांवर आजी-आजोबांना चढवणं हा छळ आहे.

एका दिवसात आठ ठिकाणं दाखवणाऱ्या गाड्यांचं मला कौतुक नाही. त्यात खिडकीतून मुंबई दिसते आणि पोटात मळमळतं. दिवसाला दोन ठिकाणं, एक सकाळी, एक संध्याकाळी. तिसरं सुचवणाऱ्याला पोरं सांभाळायला द्या.

लोकलला सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ हात लावू नका. अंधेरीला जायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. गाडी अंधेरीला थांबते, पण तुम्हाला उतरू देणार कोण?