खारा वारा आणि माळ्यावरचा स्पेक्ट्रम: गंजलेला बोर्ड दुरुस्त करताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मालवणातले एक काका जुना स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे सिंक्लेअरचा टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर, कापडात गुंडाळून घेऊन आले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८० च्या दशकात आपल्याकडे परवान्याने विकला, तोच. इतकी वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर. "ह्यां परत चालू होतलां काय गो?" काकांनी विचारलं. मी स्क्रू काढले. बोर्डाच्या एका अंगाला हिरवी साय धरली होती आणि तिच्यात चिंचेचा एक सुकलेला तंतू अडकला होता! काकूंनी देवघरातली भांडी घासतात तसा चिंच-मिठाने बोर्डही घासून काढला होता. तांबं कळकलं की चिंच, हे घराघरातलं शहाणपण. बोर्डावर ते उलटतं, आणि नेमकी तीच चूक शिकलेली माणसं व्हिनेगर घेऊन करतात.

हिरवं दिसलं की व्हिनेगर

व्हिनेगरचा सल्ला मुळात फुटलेल्या बॅटरीसाठी आहे. अमिगा ५०० प्लससारख्या दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरात बोर्डावरच निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती गळली की पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. ते अल्कधर्मी, म्हणून सौम्य आम्लाने मारायचं. स्पेक्ट्रममध्ये बॅटरीच नाही. किनाऱ्यावरच्या माळ्यावर जे हिरवं धरतं ते बहुतेक खाऱ्या हवेतल्या क्लोराइडचं काम. त्यावर आम्ल ओतलं तर तांबं आणखी खाल्लं जातं. क्लोराइड संपूनही जात नाही, ओल मिळाली की ते पुन्हा कामाला लागतं. वर चकचकीत दिसणारा बोर्ड दोन महिन्यांनी परत हिरवा होतो तो यामुळे.

दोन्हींतला फरक ओळखायला स्वयंपाकघरातली हळद पुरते. हळदीच्या पाण्यात बुडवून सुकवलेला कागद डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओला करून डागावर टेकवा. लाल झाला तर अल्क आहे. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं, तीच गोष्ट. अशा वेळी कापसाच्या काडीवर पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर, फक्त तेवढ्या जागेवर, आणि लगेच धुणं. कागद पिवळाच राहिला तर व्हिनेगरची बाटली परत फडताळात ठेवा. काकांच्या बोर्डावर तो पिवळाच राहिला.

नुसत्या अल्कोहोलने पुसणं

आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावतात तो राळेसारखा पदार्थ) आणि चिकटा जातो, मीठ जवळजवळ विरघळत नाही. ते नुसतं इकडून तिकडे सरकतं. मीठ काढायला पाणीच लागतं, आणि तेही डिस्टिल्ड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला दुकानात मिळतं ते चालतं, फक्त कॅनवर नीट वाचा, शेजारीच ॲसिडचा कॅन असतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको. समुद्राजवळच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, म्हणजे मीठ काढायला मीठच वापरल्यासारखं. मऊ ब्रशने दोन-तीन पाण्यांतून धुवून काढा आणि शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल फिरवा, म्हणजे चिपखाली अडकलेलं पाणी त्याच्याबरोबर निघून जातं. सॅनिटायझर यासाठी वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं.

वाळवणं हे आपल्याकडे वेगळंच प्रकरण. जुलैत पंख्याखाली ठेवलेला बोर्ड वाळत नाही, हवाच ओली असते. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय सोडून द्या, त्याने पिठूळ धूळ तेवढी बसते. मी आंब्याची रिकामी पेटी वापरते, आतलं गवत नीट काढून. तळाशी ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, लाकडापासून चांगला लांब, वर जाळी, जाळीवर बोर्ड. पन्नास अंशांच्या आसपास दोन दिवस. टीव्हीला जोडायच्या मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीचं झाकण काढून ठेवा, पाणी तिथे लपून बसतं. आणि घरात कोणी नसताना बल्ब चालू ठेवू नका.

चिप एका बाजूने उचकटणं

ही चूक माझी. जुन्या चिपचे पाय काळे दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. चांदीचा मुलामा काळवंडतो, चांदीचा करंडा काळा पडतो तसाच. भीती तांबूस गंजाची, कारण काही चिपच्या पायांत लोखंड असतं आणि ते सॉकेटच्या आतच कुजतं. मी यूएलएच्या (स्पेक्ट्रमसाठीच बनवलेली मोठी चिप) एका टोकाखाली स्क्रूड्रायव्हर घातला आणि वर उचललं. चाळीस पायांपैकी एक सॉकेटमध्येच राहिला. फेरांटीने बनवलेली ही चिप आता कोणी बनवत नाही. पाच मिनिटं मी नुसती बघत बसले.

अशा वेळी चिप टाकायची नाही. पाय जिथे तुटला तिथलं काळं प्लास्टिक बारीक ग्राइंडरने अर्धा-एक मिलिमीटर घासलं की आतला धातू उघडा पडतो. त्यावर मेलेल्या चिपचा एक पाय डाखायचा. हात थरथरत असेल तर दुसऱ्या दिवशी करा. सॉकेट मात्र बदलाच. गंजकं सॉकेट पुसून परत वापरण्यात काही अर्थ नाही. आणि चिप काढताना दोन्ही टोकांनी आळीपाळीने, केसभर केसभर उचला.

मल्टिमीटरच्या बीपवर विश्वास

बोर्डावरची तांब्याची रेषा जोडलेली आहे का हे मीटर बीप देऊन सांगतो, पण कुजलेली रेषाही बीप देते. कित्येक मीटर पन्नास ओहमपर्यंतही वाजतात, म्हणजे केसाएवढा धागा उरला असला तरी. आकडा वाचा. एका रेषेचं उत्तर एक ओहमच्या आतच यायला हवं. बोर्डावरच्या रंगीत लेपाखाली काळी दिसणारी रेषा खरवडून लाल तांबं निघतं का पाहा. निघालं तर फ्लक्स लावून तिला पातळ कल्हई करा. रेषा तुटली असेल तर बारीक तार वरून. डाख धरत नाही म्हणून सोल्डरिंग आयर्नची उष्णता वाढवत नेलीत तर पॅडच, म्हणजे डाख लावायची तांब्याची टिकलीच, सुटून येईल. डाख न धरणं म्हणजे गंज अजून आहे.

घाईत वीज देणं

स्पेक्ट्रमचा प्लग ९ व्होल्टचा, पण मधलं टोक ऋण. आजचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. त्याहून घातक गोष्ट ४११६ या मेमरी चिपची. तिला तीन व्होल्टेज लागतात: पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५. गंजाने उणे ५ ची वाट तुटली असेल तर उरलेली दोन व्होल्टेज त्या चिपना जाळतात. म्हणून वीज देण्याआधी हे तिन्ही पाय ग्राउंडशी, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या रेषेशी, शॉर्ट नाहीत हे तपासा. वीज दिल्यावर पहिला प्रोब पाय १ वर. उणे ५ दिसलं नाही की लगेच बंद.

काकांच्या बोर्डावर तिन्ही आकडे बरोबर आले, तरी पडद्यावर उभे पट्टे. आठांपैकी एक ४११६ हाताला चटका देत होती. ती बदलली आणि १९८२ सालची सिंक्लेअरची ओळ खाली उमटली. काकांनी उत्साहात कळ दाबली, काहीच उठलं नाही. कीबोर्डच्या प्लास्टिकच्या पट्टीला घडीवर चीर गेली होती. नवी पट्टी मागवली आहे. तोवर बोर्ड सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आहे, आणि डब्यावर काकूंसाठी चिठ्ठी: घासू नये.