चांदीच्या नॅनोवायरची पारदर्शक फिल्म टिकाऊ कशी करावी

चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचे (नॅनोवायरचे) जाळे पसरले की वीज वाहणारी पारदर्शक फिल्म होते. ताज्या फिल्मवर 20 ओहम प्रति चौरस शीट रेझिस्टन्स (पातळ थराचा विजेला होणारा विरोध) आणि 90 टक्क्यांच्या आसपास पारदर्शकता मिळवणे आता तसे अवघड नाही. खरी कसोटी ती टिकवण्याची. बरेच जण त्यासाठी थेट संरक्षक थराकडे वळतात. पण तारा जिथे एकमेकींवर टेकतात ते सांधे कच्चे असतील, तर वरचा थर तो कच्चेपणाच झाकून ठेवतो. म्हणून आधी सांधे पक्के करा, आवरणाचे नंतर बघा.

सुरुवात शाईपासून, म्हणजे द्रवात मिसळलेल्या तारांपासून होते. पॉलिऑल पद्धतीने (ग्लायकॉलसारख्या द्रवात चांदीच्या क्षारापासून) केलेल्या तारांवर पीव्हीपी या पॉलिमरचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा असतो. तो सांध्यात वीज अडवतो, शिवाय ओलावा धरतो. तिप्पट-चौपट ॲसिटोन घालून तारा खाली बसू द्या, मग इथेनॉलमध्ये मिसळून 2000 आरपीएमवर 10 मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. ही इथेनॉलची धुणी दोन-तीनदा करा, त्याहून जास्त नको. पीव्हीपी फारच कमी झाले की तारांचे गुंते होतात. अल्ट्रासॉनिक बाथ टाळाच. त्यात तारा तुटतात, आणि आखूड तारांच्या जाळ्यात विजेला तेवढ्याच अंतरात जास्त सांधे ओलांडावे लागतात.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 2 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर शाई 10 नंबरच्या मेयर रॉडने (शाई सारखी पसरवणारा, तार गुंडाळलेला दांडा) ओढली, तर ओला थर साधारण 23 मायक्रॉनचा बसतो, म्हणजे चौरस मीटरला 45 मिलिग्रॅमच्या आसपास चांदी. अगदी बारीक तारांनी धूसरपणा कमी होतो, पण त्या उष्णतेने आणि गंजाने लवकर तुटतात. टिकाऊपणा महत्त्वाचा असेल तर 20-30 नॅनोमीटरच्या मोहात न पडता थोडी जाड तार घ्यावी.

काचेवर सांधे जोडायला 180 ते 200 अंश सेल्सिअस, 20 मिनिटे पुरतात. चांदी 962 अंशांना वितळते, एवढ्यावर विसंबून भट्टी बिनधास्त वाढवू नका. इतकी बारीक तार पृष्ठताणामुळे त्याच्या कितीतरी खालीच तुटून गोळ्या-गोळ्यांची होते. रेझिस्टन्स मोजत राहा. उतरायचा थांबला की फिल्म बाहेर काढा, वर चढू लागला तर उशीर झालेला असतो. पीईटी या प्लास्टिकला ही उष्णता सोसत नाही. तिथे ह्युमिडिफायरचे बारीक धुके काही सेकंद सोडून 50-60 अंशांवर वाळवा, आणि दोन-तीनदा तेच करा. पाणी आटताना केशाकर्षणाने तारा सांध्यात ओढल्या जातात. गुळगुळीत रोलरखाली दाबणे हाही चांगला उपाय आहे.

चांदीचा खरा वैरी ऑक्सिजन नव्हे, गंधक. हवेतल्या अत्यल्प हायड्रोजन सल्फाइडनेही सिल्व्हर सल्फाइड तयार होते, ओलाव्यात आणखी वेगाने. बेन्झोट्रायझोल या गंजरोधकाच्या पातळ द्रावणात बुडवून धुतल्याने हा वेग मंदावतो, थांबत नाही. त्यावर आवरण हवेच. ॲटॉमिक लेयर डिपॉझिशनने (वाफेतून अणूंचे थर एकेक करून बसवण्याच्या पद्धतीने) ॲल्युमिनियम ऑक्साइड एका फेरीत साधारण 0.1 नॅनोमीटर बसते, म्हणजे 20 नॅनोमीटरसाठी सुमारे 200 फेऱ्या. ते विद्युतरोधक असल्याने इलेक्ट्रोड आधी लावून घ्या. झिंक ऑक्साइडचा थर उष्णतेतही तारांना आकार धरून ठेवायला मदत करतो. यूव्हीने कडक होणारे ॲक्रिलिक स्वस्त पडते आणि पकडही देते, पण 100 नॅनोमीटरच्या फार वर गेलात तर वरून संपर्क मिळत नाही. शिवाय पाण्याची वाफ त्यातून जातेच.

पेडॉट-पीएसएस हे वीज वाहणारे पॉलिमर वापरणार असाल तर जपून. त्याचा पीएच 1 ते 2 असतो आणि ते चांदी खाते, म्हणून तटस्थ केलेला प्रकारच घ्या. वर पारदर्शक चिकटथर लावायचा असेल तर तोही आम्लमुक्तच हवा.

चाचणीसाठी 85 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेत आवरण असलेला व नसलेला नमुना शेजारी ठेवा, त्यातले काही वीज चालू ठेवून. नुसत्या साठवणीत टिकलेली फिल्म प्रवाहाखाली टिकेलच असे नाही. पकड तपासायला चिकटपट्टी लावून ओढा आणि आधी-नंतरचा रेझिस्टन्स बघा. उष्ण-दमट चाचणीत रेझिस्टन्स सगळीकडे सारखा वाढला तर कारण गंधक किंवा ओलावा. प्रवाहाला आडवी रेघ उमटून फिल्म तुटली तर जाळे विरळ किंवा असमान आहे: एका जागी तार तुटते, प्रवाह शेजारच्या तारांवर येतो, त्या तापतात आणि तुटण्याची रेघ पुढे सरकते. अशा वेळी आवरण बदलून उपयोग नाही, तारांचे कोटिंगच सुधारा. बिघाड कडेपासून आत येत असेल तर मात्र कडा सील करा, आणि कापलेल्या धारेपासून काही मिलिमीटर आतपर्यंत तारा पुसून टाका.