सोयाबीनची काढणी आणि गव्हाची पेरणी: शरदातला मेळ

शेंगा ९० ते ९५ टक्के तपकिरी झाल्या, पानं गळली की सोयाबीन कापायला घ्या. मी आधी ढगांकडे नाही, दाण्याकडे बघते. शेंग हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे. फार थांबलात तर दुपारच्या उन्हात शेंगा तडकतात आणि दाणे रानातच सांडतात. म्हणून कापणी सकाळी, दहिवर असेपर्यंत.

पाऊस आला तर कापलेला माल ताडपत्रीखाली झाका, पण ऊन पडताच उघडा. झाकून ठेवलेली ओली गंजी आतून तापते, बुरशी धरते. मळणी १३ ते १५ टक्के ओलाव्यावर करा. बियाण्याचा माल असेल तर मळणी यंत्राच्या ड्रमचा वेग कमीच ठेवा. घाईत फुटलेला दाणा उगवत नाही. साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा.

आता गहू. रान मोकळं झालं की शेजारचा ट्रॅक्टर फिरताना बघून हात शिवशिवतात, पण वापसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, आला का ते पाहा. बोटभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर पेरा. नुसता चेपला तर थांबा, कारण ओल्या रानात चाकाखाली माती घट्ट बसते आणि मुळं वरच्यावर अडतात. ढेकळं झाली तर वेगळाच ताप.

बी ५ ते ६ सेंटिमीटर खोल पडू द्या. उशीर झाला असेल तर बियाणं थोडं वाढवा, कारण उशिरा पेरलेल्या गव्हाला फुटवे, म्हणजे बुडातून निघणारे नवे कोंब, कमी येतात.