काडी ओढण्याआधी: पाचट, पालापाचोळा आणि वणव्याचे दिवस

ऊस गेला, तोडणीची टोळी पुढच्या फडात गेली आणि मागे रानात गुडघाभर पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, पडलंय. दौंड, इंदापूर, बारामतीकडे फेब्रुवारी-मार्चात हेच दिसतं. खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायचंय, सरी सापडत नाही, मग खिशातून काडेपेटी निघते.

गेल्या मार्चात आमच्या शेजारच्या रानात असंच झालं. भरदुपार, वारा पडलेला, म्हणून त्या रानवाल्यानं निर्धास्त पेटवलं. कुठूनशी वावटळ उठली, जळतं पाचट उचललं आणि बांध ओलांडून आमच्या ठिबकवर आणून टाकलं. नळ्या वितळून मातीला चिकटल्या. त्या खरवडून काढण्यात दोन दिवस गेले. त्याच्याशी बोलणं अजून कामापुरतंच आहे.

म्हणून आधी हिशेब बघा. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. पेटवलं की सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुरात जातं, राख वाऱ्यावर, आणि फुटव्याचे वरचे डोळे भाजतात ते वेगळंच. त्यापेक्षा बुडख्यांवरचं पाचट बाजूला सरीत ओढा, बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक पसरून पाणी द्या. पहिलं पाणी पुढे सरकायला वेळ लागतो, तिथेच माणूस कंटाळतो. पण नंतरच्या पाण्याच्या पाळ्या लांबतात आणि खुरपणीचा खर्च वाचतो. पुढची खतं पहारीनं द्यायची: बुडख्यापासून अर्धी वीत सोडून, वीतभर खोल.

तोड मिळेना म्हणून उभा ऊस पेटवणारेही आहेत. जळीत उसाला कारखाना कपात लावतो, आणि गाळपाला उशीर झाला तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे तर उसात बिबट्याची पिल्लं असतात, हे वेगळं सांगायला नको.

आता कायद्याचं. ज्यांची रानं सासवड, इंदापूरसारख्या गावांना खेटून आहेत, त्यांना हे जास्त लागू. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. ‘पालापाचोळाच तर आहे’ ही सबब नगर परिषदेपुढे टिकेल असं धरून चालू नका. निष्काळजीपणे लावलेल्या आगीमुळे कुणाच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोलापूर रस्त्यालगत रान असेल तर धूर डांबरीवर उतरतो आणि समोरची गाडी दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा. मल्चिंगचा कागद, औषधांच्या बाटल्या, जुन्या ठिबकच्या नळ्या तर कधीच पेटवू नका. तो धूर विषारी असतो. नळ्या भंगारवाला घेतो.

भोर, मुळशी, मावळ, वेल्ह्याच्या डोंगरकडेला १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. ‘गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं फुटतं’ म्हणून उतारावर काडी टाकणाऱ्यांना आवरा. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. जंगलाकडे धूर दिसला तर १९२६ वर फोन करा, वस्तीजवळ असेल तर १०१ किंवा ११२.

मग काहीच जाळायचं नाही का? डाळिंबावर तेल्या रोग आला की रोगट फांद्या आणि फळं बागेबाहेर नेऊन नष्ट करावीच लागतात. गावाच्या हद्दीत असाल तर आधी विचारून घ्या. ढीग न करता खड्डा काढा, भोवती दहा फूट माती उघडी करा, वर वीजतारा नाहीत ना आणि जवळ कडबा नाही ना ते बघा. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, थोडं थोडं घाला. डिझेल ओतायचं नाही. लाइट आहे का आणि मोटर पाणी टाकते का, हे पेटवायच्या आधी बघायचं. आग लागल्यावर थ्री फेज गेली की हात चोळत बसावं लागतं. पाठीवरचा पंप पाण्यानं भरून शेजारी ठेवा, पण औषधाचा पंप असेल तर आधी धुऊन घ्या. अंगात सुती कपडे, पायात बूट, आणि शेजारच्या रानवाल्याला एक फोन.

विझली असं वाटलं तरी घरी जाऊ नका. राख वरून पांढरी पडते, आत जाड फांदी धुमसत राहते. फावड्यानं उकरा, पाणी मारा, पुन्हा उकरा, मग हाताची पालथी बाजू राखेच्या जवळ धरून बघा. ऊब लागली तर अजून दोन बादल्या, आणि दुपारचा वारा सुटण्याआधी आणखी एक फेरी.