जुनाट दुखण्यावर मनाचे उपाय करताय? या चुका टाळा

"डॉक्टर म्हणाले, समुपदेशकाला भेटा. म्हणजे आता मला कारेलीबागला पाठवणार का?" दांडिया बाजारातल्या एका काकूंनी मला हे जरा तावातच विचारलं. (बडोद्याबाहेरच्यांसाठी: मानसिक रुग्णालय कारेलीबागेत आहे.) कंबर दुखून चार वर्षं झालेली, आणि वर हे ऐकायचं! राग येणारच. इथे चूक काकूंची नाही, नीट समजावून न सांगणाऱ्याची आहे.

दुखणं खरंच असतं. ते तीन महिन्यांहून जास्त टिकलं की त्याला जुनाट म्हणतात. तोवर मूळ इजा भरून आली असली, तरी मज्जासंस्था हळवी होऊन बसलेली असू शकते. साधं वाकणंही तिला धोक्याचं वाटतं. वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमीजास्त होतात आणि त्यात मेंदूचाही हात असतो, हे वेदनेवर संशोधन करणाऱ्या मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. भीती, ताण, अपुरी झोप यांनी दुखणं वाढतं ते याच वाटेने. समुपदेशकाकडे जायचं ते यासाठीच.

मात्र पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा, ताप, विनाकारण वजन घटणं, यांपैकी काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

सगळ्यात जास्त नडते ती चूक म्हणजे बऱ्या दिवशी सगळं उरकून घेणं. आपल्याकडे ती उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, हमखास दिसते. सकाळपासून गच्चीवर, मान वर, हातात फिरकी. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणलाही तेच, आणि मग आठवडाभर मानेला पट्टा. नवरात्रात पहिल्याच रात्री शेवटच्या फेरीपर्यंत गरबा खेळणाऱ्यांचीही तीच गत. अशा आपटीनंतर माणूस घाबरून हालचालच सोडतो. स्नायू ढिले पडतात, पुढच्या वेळी थोड्याशा हालचालीनेही दुखतं, भीती आणखी वाढते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. दुखलं की थांबायचं, असं नाही. घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचं. वाईट दिवशीही जेवढं जमतं तेवढ्यापासून सुरुवात करा. काकूंनी कमाटीबागेत दहा मिनिटं चालायचं ठरवलं. बऱ्या दिवशीही दहाच! "एवढ्याने काय होतंय?" म्हणून त्या कुरकुरल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता आलं, हेच तर हवं होतं. वाढवायचं ते आठवड्याला एक-दोन मिनिटं.

दुसरी चूक श्वसनाची. कळ डोक्यात गेली की मगच दीर्घ श्वास घ्यायला बसायचं आणि पाच मिनिटांत "काही फरक नाही" म्हणून उठायचं. ही पेनकिलर नव्हे. बरं वाटत असतानाच रोज सराव करा, म्हणजे कळ आल्यावर ते अंगवळणी पडलेलं असतं. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेला सजगतेचा (माइंडफुलनेसचा) अभ्यासक्रमही आठ आठवड्यांचा आहे, एका बैठकीचा नाही. आणि मोजायचं काय? दुखणं दहापैकी किती, हे दिवसातून सहादा लिहिलं तर लक्ष तिथेच खिळतं. त्यापेक्षा या आठवड्यात भाजीला गेलात का, झोप कशी लागली, नातवाला मांडीवर घेतलंत का, ते लिहा.

एमआरआयचा रिपोर्ट पाठ करणं ही आणखी एक खोड. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या लोकांपैकी सुमारे ८० टक्के जणांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची झीज आढळली होती. "झीज" वाचून पलंग धरण्याआधी हे लक्षात असू द्या.

घरच्यांचंही थोडं चुकतं, प्रेमापोटीच. रोज उठल्या उठल्या "आज कंबर कशी आहे?" विचारलं की दिवस कमरेपासूनच सुरू होतो. काकांनी आता "बागेत येतेस का?" असं विचारायला सुरुवात केली आहे.

गोळ्या मात्र स्वतःच्या मनानेच एकदम बंद करू नका. त्या कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि समुपदेशक निवडताना पहिल्याच भेटीत थेट विचारा: जुनाट दुखण्याच्या रुग्णांबरोबर काम केलंय का? "नाही" असं उत्तर आलं, तर दुसरे शोधा.