नागपुरातून एका दिवसात जीवाश्म शोधायचे तर

पुण्याभोवती बहुतेक काळा बेसाल्टच आहे. तो लाव्हाचा, त्यामुळे त्यात जीवाश्म शोधू नका. नागपूरकरांचे नशीब थोडे बरे: दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात साचलेल्या तळ्यांचा गाळ इथे दगड होऊन राहिला आहे. त्याला आंतरलाव्हा थर म्हणतात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवर भूशास्त्रीय नकाशा पाहा आणि असे थर कुठल्या रस्त्याजवळ किंवा नाल्याजवळ आहेत ते टिपून घ्या. जागेवर काळ्या बेसाल्टमध्ये पांढरट-राखाडी चर्टचा, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडाचा, पट्टा दिसतो. पहिल्या पावसानंतर धुतलेल्या शेतात सुटे तुकडे सापडतात. जमीनमालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

फायसा या गोड्या पाण्यातल्या गोगलगाईचे शंख ओळखायला सगळ्यांत सोपे. १०एक्स भिंग ठेवा. चर्टवर हातोडा मारला की काचेसारख्या कपच्या उडतात, शंखही फुटतो. म्हणून सुटे तुकडेच उचला. फर्नसारखी काळी नक्षी दिसली तर हुरळू नका, ती बहुधा मँगनीजची असते, वनस्पतीची नव्हे. प्रत्येक नमुना वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर जागा लिहा. सिरोंच्याजवळचे वडधम जीवाश्म उद्यान मात्र फक्त पाहण्यासाठी.