हाड हातात घेतल्यावर काय पाहायचं

नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स या डॉक्टरकीच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला आलेली मुलं भेटली की एकच विचारतात: २०६ हाडं पाठ कशी करायची? मी सांगतो, नावांच्या मागे आधी लागू नका, हाड वाचायला शिका. मी आता ऑर्थोपेडिक्समध्ये आहे. ओपीडीत रोज जे लागतं, त्यातलं बरंचसं पहिल्या वर्षाच्या बोन सेटमध्येच, म्हणजे अभ्यासाच्या हाडांच्या संचातच होतं.

आकडे आधी उरकू. २०६ पैकी ८० हाडं कवटी, कणा आणि छातीच्या पिंजऱ्याची, बाकीची १२६ हातापायांची. खांद्याची आणि कमरेची हाडं यांतच धरतात. नवजात बाळाला याहून बरीच जास्त असतात, वाढीच्या वयात ती जुळत जातात. एवढं पुरे.

सेट बहुधा एखाद्या सिनियरकडून मिळेल. प्लॅस्टिकचा असला तर स्नायू कुठे चिकटतात हे खडूने रंगवायला चालतो: ओरिजिन, म्हणजे स्नायू जिथून सुरू होतो ती जागा, लाल; इन्सर्शन, म्हणजे जिथे संपतो ती, निळी. पण खाचा आणि बारीक छिद्रं डिपार्टमेंटमधल्या खऱ्या हाडांवरच बघा. आणि ती जपून हाताळा. ते कुणाचं तरी शरीर होतं, हे रोज लक्षात असू द्या.

कुठलंही हाड घेतलं की ते आपल्याच अंगाला लावून पाहायचं. मग प्रत्येक खाचेवरून बोट फिरवून विचारायचं, इथून काय जातं? दंडाचं हाड, ह्युमरस घ्या. मागच्या बाजूने एक उथळ, तिरकी खाच खाली उतरते. तिथून रेडियल नर्व्ह जाते, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची नस. गाडीवरून पडून दंड नेमका तिथे मोडलेला पेशंट येतो, त्याला मनगट वर उचलता येत नाही, पंजा लटकलेला असतो. ती खाच बोटाने एकदा ओळखलेली असली, तर प्लॅस्टर घालण्याआधी मनगट तपासायची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही.

मला सगळ्यात जास्त वेळ फीमरवर, म्हणजे मांडीच्या हाडावर घालवावासा वाटतो. वरचा गोल भाग आत वळलेला, त्याखाली मान, आणि मान मुख्य दांड्याला तिरकी जोडलेली. मोठ्या माणसात हा कोन साधारण १२५ अंशांचा. त्यामुळे पाय मोकळा फिरतो, पण अंगाचा भार तिरका येतो. हाड उभं कापलेलं मिळालं तर आतल्या जाळीच्या रेषा बघा, त्या भार जातो त्याच वाटेने मांडलेल्या असतात. म्हातारपणी ही जाळी विरळ होते आणि बाथरूममध्ये घसरण्याचं निमित्त होऊन मान मोडते. गोल भागाला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिन्या या मानेला चिकटूनच वर जातात. मान सरकली की त्या तुटतात, म्हणून वयस्कर माणसांत बरेचदा हाड जोडत न बसता गोळा बदलावा लागतो.

हेच आपल्या विदर्भात तरुण पोरांत वेगळ्या वाटेने दिसतं. इथे सिकलसेलचे पेशंट भरपूर. विळ्यासारख्या झालेल्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात आणि काही न मोडताही फीमरचा गोळा मरू लागतो. पोरगा फक्त जांघेत दुखतं म्हणतो, कधीकधी नुसतं गुडघ्यात. सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये कळतं. वाळलेलं हाड हाताळताना ते एकेकाळी रक्तावर जगत होतं हे विसरायला होतं, म्हणून न्यूट्रियंट फोरामेन, म्हणजे रक्तवाहिनी हाडात शिरते ते छिद्र, शोधल्याशिवाय हाड खाली ठेवू नका. त्या छिद्राची दिशा हाताच्या हाडांत कोपराकडे असते, पायाच्या हाडांत गुडघ्यापासून दूर. हाडाची जास्त वाढ उलट टोकाला होते, म्हणजे हातात खांद्याशी आणि मनगटाशी, पायात गुडघ्याशी. लहान मुलाच्या गुडघ्याजवळच्या फ्रॅक्चरमध्ये पायाच्या लांबीची काळजी का करतात, ते यातून समजतं.

एकट्याने वाचू नका. दोघं बसा, एकाने डोळे मिटून हाड ओळखायचं, दुसऱ्याने विचारायचं. हाडाशेजारी त्याच भागाचा एक्स-रे ठेवा. आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला हाड हातात आल्यावर लगेच नाव सांगू नका. आधी ते शरीरात असतं तसं धरा, मग साइड सांगा, डावी की उजवी, ती कशावरून ठरवली ते दाखवा. पुढचे प्रश्न बहुतेक तुम्ही बोट ठेवलेल्या जागेवरूनच येतात.